कढीचा भुरका आणि माझी पाटी

"बाई, तुमच्या घरात एक आजार नाही, तीन आहेत," असं नगरच्या दवाखान्यातले कानाचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांच्या टेबलावर माझी पाटी होती आणि पाटीवर तेच लिहिलेलं होतं. माझ्या हातानं. त्यांनी फक्त इंग्रजी नावं घेतली, मी रेघा मारल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे. माहेरी, काष्टीच्या शाळेत चार यत्ता शिकलेल्या बाईला एवढा मोठा डॉक्टर "शाबास" म्हणतो, तर तिनं ते गिळून टाकायचं का?

पण लिहिते आहे ती दुसऱ्या कारणासाठी. "आवाज सोसत नाही" असं कुणी म्हणालं की लोक एकच औषध काढतात, कानात तेल आणि वर कापसाचा बोळा. आमच्याकडे तिघांना आवाज सोसत नव्हता आणि तिघांच्या कानात एकाच वाटीतलं तेल पडत होतं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला! तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून हे वाचा.

आमचं घर कोल्हारचं, प्रवरेच्या काठची शेती. लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. घरात माणसं चार. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणते, माझे मालक आबा म्हणतात. सासूबाई, त्या आत्याबाई. माझे मालक, त्यांचं नाव मी घेत नाही, नुसतं 'हे' म्हणेन. आणि मी.

हे तोफखान्यात होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला. परत आले ते हातपाय धड घेऊन. आत्याबाईंनी वेशीतच भाकरतुकडा ओवाळून टाकला, गावाला पेढे वाटले. चौथ्या दिवशी माझ्या हातून तांब्या निसटून फरशीवर पडला, आणि हे दोन्ही कान दाबून मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, अगं बाई, ह्यांना झालं तरी काय?

मग कळत गेलं. दाराची कडी, बैलाच्या गळ्यातली घंटा, लग्नातली हलगी, कुठलाही मोठा आवाज यांच्या कानात सुईसारखा जायचा. ऐकू सगळं यायचं, कुणी माजघरात कुजबुजलं तरी. दुखायचं मात्र खरोखर, घाम फुटेस्तोवर. पुढे पुढे तर आवाज व्हायच्या आधीच अंग आकसायला लागलं. कुणी हांडा उचलला की हे उठून परसात जायचे.

मामंजींचं वेगळं. त्यांना पाच-सात वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. हळू बोललं की "आं?" आणि मोठ्यानं बोललं की लगेच कानावर हात, "वरडती कशाला? म्या काय भैरा हाय?" आत्याबाई कपाळाला हात लावायच्या. "हळू बोलावं तर ऐकू येत न्हाई, मोठ्यानं बोलावं तर सोसत न्हाई. ह्या मानसाचं करावं तरी काय?" गावात तर म्हणायचेच, म्हातारा सोंग करतोय.

आणि तिसरी मी. माझं सांगायला अजून जीभ अडखळते.

मला ढोल सोसतो, हलगी सोसते, गुऱ्हाळाचा चरक रात्रंदिवस करकरला तरी मी त्याच्याशेजारी झोपेन. मला सोसत नव्हता तो एकच आवाज. मामंजींचा भुरका. ते जेवायला बसले, कढीची वाटी ओठाला लावली आणि 'सुर्रर्र' केलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुखायचं नाही. भीती नाही. राग यायचा, निव्वळ राग. वाटी हिसकावून घ्यावी असा. जो माणूस मला कधी वाकडा शब्द बोलला नाही, ज्यानं माझ्या बापाच्या आजारपणात स्वतः दुधाची चरवी पाठवली, त्याच्यावर एवढा राग! मग मागाहून स्वतःची इतकी लाज वाटायची की चुलीपुढे बसून रडायचे.

शहरातल्या वाचकांना सांगते, आमच्याकडे भुरका म्हणजे वाईट सवय नव्हे. भुरका ही स्वैपाकाची वाहवा. पाहुण्यानं गपचिप कढी प्याली तर घरच्या बाया एकमेकींकडे बघतात, मीठ चुकलं की काय. आणि पंक्तीत वाढणाऱ्या सुनेनं पुरुष उठेस्तोवर जागा सोडायची नाही. म्हणजे मला पळायलाही वाट नव्हती.

मग मी काय केलं? घरातलं सगळं पातळ बंद केलं. पिठल्याचा झुणका झाला. आमटीची उसळ झाली. ताक घुसळायचं टाळायला दही तसंच वाढलं. चहा मी बशीतून बशीत ओतून इतका गार करायचे की त्याला फुंकायचं नि ओढायचं कारणच उरू नये. सव्वा महिना मी त्या घराला कोरडं जेवू घातलं, सांगा!

आत्याबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "दुभती म्हस दारात अन् घरात कढी न्हाई? काष्टीच्या मानसांचा हात लई आखडता दिसतोय." शेजारणींत चर्चा झाली. मी चिकट ठरले. राग आलेली बाई म्हणवून घेण्यापेक्षा चिकट बरी, म्हणून मी तेही सोसलं.

पण एक दिवस नात्यातले चार पाहुणे आले आणि आत्याबाईंनी स्वतः कढी केली. फोडणीचा वास अंगणभर. मी वाढायला उभी. मामंजींनी पहिला भुरका मारला, दुसरा मारला, तिसरा तर असा मारला की खुंट्यावरची म्हैस मान वळवून बघायला लागली. आणि माझ्या तोंडून गेलं, "बास करा की आता!"

सगळी पंगत गार. हातातले घास हातात. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मी उघडलं ते असं. ज्यांना म्हणाले त्यांना एकट्यांनाच ऐकू आलं नव्हतं. मामंजी सगळ्यांकडे बघून विचारायला लागले, "काय झालं? काय म्हनली ती?" कुणी काही सांगितलं नाही.

पाहुणे गेल्यावर आत्याबाईंनी निकाल दिला. आधी लिंबू उतरवून झालं, मिरच्या जाळून झाल्या, लसणाचं तेल कढवून माझ्या कानात झालं. यांच्या आणि मामंजींच्या कानात ते आधीपासून होतंच, वर कापसाचे बोळेही. कशाचाच गुण येईना, तेव्हा काष्टीला सांगावा गेला: पोरीला घेऊन जा. पितृपक्ष सरला की माझा थोरला भाऊ येणार होता. आणि परत धाडायचं नाही, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मला यांना सोडून जायचं नव्हतं. लढाईवर गेले तेव्हा तीन वर्षं वाट बघितली होती मी. आणि आता एका वाटीभर कढीपायी मी परत जाणार?

हे फारसं बोलायचे नाहीत. स्वतःचा आवाजसुद्धा मोठा काढला की यांना दुखायचं. पण त्या दिवशी आईला म्हणाले, "नगरला लष्करातनं आलेला एक डॉक्टर हाय, कानाचा. मला अन् आबांला दावून येतो. तिथं भाकरी कोन थापील? हिला नेतो. मागनं येऊ दे तिच्या भावाला."

म्हणजे नगरची ती खेप माझं त्या घरातलं शेवटचं काम होतं. मी ट्रंकेतून दोन लुगडी काढली आणि पाटी घेतली.

आता पाटीचं सांगते. शाळेतली पाटी मी सासरी येताना आणली होती, उगीच, आवड म्हणून. पंगतीतल्या त्या प्रकारानंतर माझं डोकं फिरलं होतं. सगळे म्हणत होते, हिला नवऱ्याचंच दुखणं लागलं. मला आतून कळत होतं की नाही, हे एक नव्हे. मग मी पाटीवर तीन घरं आखली, एक यांचं, एक मामंजींचं, एक माझं. डाव्या बाजूला आवाज लिहिले. हांडा पडणं. हलगी. कुजबुज. आरडाओरडा. पाखरांची चिवचिव. भुरका. दुसऱ्या कुणाचा भुरका. आणि रोज बघून खूण करत गेले. दुखलं तर फुली, ऐकूच आलं नाही तर गोल, राग आला तर उभी रेघ.

पंधरा दिवसांत पाटी भरली आणि मी बघतच राहिले. यांच्या घरात मोठ्या आवाजांना सगळ्या फुल्या, मग ते कुणाचेही असोत. मामंजींच्या घरात बारीक आवाजांना गोल आणि मोठ्यांना एकदम फुली, मधलं काही नाहीच. आणि माझ्या घरात सगळं कोरं, फक्त भुरक्यापुढे रेघाच रेघा. त्यातही दुसऱ्याच्या भुरक्याला एक रेघ आणि मामंजींच्या भुरक्याला चार.

ती पाटी मी सर्व्हिस मोटारीत नगरपर्यंत मांडीवर धरून नेली, वर कोरडं फडकं घालून. गाडीत शेजारी एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती, ती टोपली कलंडली आणि माझ्या खालच्या दोन ओळी पुसल्या गेल्या. मी तिला असं काही बोलले की तिनं पुढच्या थांब्यापर्यंत तोंड वळवून घेतलं. त्या ओळी मला पाठ होत्या, नगरला उतरून पुन्हा लिहिल्या, ही गोष्ट वेगळी.

पहिला दिवस बाकावर गेला. आवारात नातेवाइकांसाठी पत्र्याची ओवरी होती, तिथे तीन दगडांची चूल मांडली. बाकावर आमच्यासारखे पन्नास जण. कुणी नळाखाली बादली ठेवली की हे आकसायचे. मामंजी एकसारखं विचारायचे, "नंबर आला का?" आणि हे हळू सांगायचे ते त्यांना ऐकू यायचं नाही. मग चपराशी ओरडून सांगायचा, तर दोघंही बापलेक कान धरायचे. बघणारे हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींची तपासणी झाली. डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधून कान बघितले आणि पहिली गोष्ट म्हणजे लसणाचा गाळ काढला. मग दोन दात्यांचा पोलादी चिमटा गुडघ्यावर आपटून कानाजवळ धरला. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात, तो बारीक गुणगुणतो. कधी ऐकू येतं आणि कधी थांबतं ते विचारून कंपाउंडर लिहून घेत होता.

तिसऱ्या दिवशी यांची पाळी. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कोणत्या आवाजाला दुखतं, कधीपासून, किती वेळ. हे आपले "दुखतंय सायेब" एवढंच. मला राहवेना. दाराआडून पदर तोंडाला लावून मी म्हणाले, "हांडा पडला तर घटकाभर, हलगीला दिवसभर. कुजबुज चालती."

"मागून कोण बोलतंय? पुढे या." डॉक्टर पुण्याकडचे, आवाज शांत. "तुम्हाला इतकं नेमकं कसं माहीत?"

मी पाटी पुढे केली.

त्यांनी पाटी वाचली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग फुली म्हणजे काय, गोल म्हणजे काय, विचारून घेतलं. आणि खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना नि नर्सबाईंना बोलावून आणलं. "हे बघा. मी आठवडाभर प्रश्न विचारून जे काढलं असतं, ते या बाईंनी कोल्हारहून लिहून आणलंय." मग माझ्याकडे वळून, "शाबास."

ह्यांना वाटलं होतं मला बोलणी बसणार. यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, तसं लग्नात अंतरपाट निघाल्यावरसुद्धा बघितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी ती तीन आजारांची गोष्ट सांगितली. जशी कळली तशी सांगते, तुमच्या उपयोगाची आहे.

मामंजींच्या आजाराला त्यांनी 'रिक्रूटमेंट' म्हटलं. हे दचकले, म्हाताऱ्याला आता लष्करात घेतात की काय! पण त्याचा अर्थ असा, की कानाच्या आतली नस थकते, तेव्हा बारीक आवाज तिला पोचतच नाहीत. आणि थोडं मोठं बोललं की एकदम भसकन खूप मोठं ऐकू येतं. मधली पायरी मोडलेली असते. "तुमचे मामंजी सोंग करत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." मला त्या वेळी गावातली सगळी तोंडं आठवली.

यांच्या आजाराचं नाव 'हायपरअॅक्युसिस'. ऐकू नीट येतं, पण इतरांना जो आवाज साधा वाटतो तो यांच्या कानाला दुखतो. तोफांच्या धक्क्यानं असं होतं. आणि आवाज व्हायच्या आधीच जे अंग आकसतं त्याला 'फोनोफोबिया', म्हणजे आवाजाची धास्ती. दुखणं कानाचं, धास्ती मनाची, आणि धास्ती दुखण्याच्या पाठीवर बसून येते. "ते बोळे आधी काढा. सहा महिने अंधारात बसलेल्याचे डोळे साध्या उन्हानं दिपतात, तसं तुमच्या कानाचं झालंय."

"आणि हे तिसरं घर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खाली बघून, पण सगळं सांगितलं. कोरड्या जेवणाचंसुद्धा. भाऊ न्यायला येणार आहे तेही.

ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या मागे पत्र्याचं भांडं आपटलं. हे उडाले, मी जागची हलले नाही. मग कंपाउंडरला बशीतला चहा भुरकून प्यायला सांगितलं. बिचारा लाजत लाजत प्याला. माझ्या मुठी वळल्या, पण सोसलं. "आणि मामंजी असते तर?" मी म्हणाले, "मग मी खोलीबाहेर गेले असते." ते म्हणाले, "आवाज तर दोन्ही सारखेच. म्हणजे हे कानाचं नाही, मोठ्या-लहान आवाजाचंही नाही. एका ठरावीक आवाजाची चीड आहे, आणि रोजच्या माणसाचा असला की जास्त. असे दोन-तीन रुग्ण मी पाहिलेत. माझ्या पुस्तकात याला नाव नाही. पण बाई, हे वेड नाही, बाहेरचं नाही, आणि वाईट वळण तर मुळीच नाही."

वाईट वळण नाही! मी तिथेच, सगळ्यांसमोर, पदर डोळ्यांना लावून रडले. नाव नसलेला आजार मला झाला होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

औषध तिघांनाही नव्हतं, शिकायचं होतं. यांनी गुऱ्हाळ सुरू झालं की लांब बांधावर बसायचं आणि आठवड्याला दहा पावलं जवळ यायचं. मी चीड आली की उठून जायचं, आणि गेल्याबद्दल मनाला खायचं नाही. "पण घराला कढी करून घाला," असं डॉक्टर वर म्हणाले.

मामंजींशी ओरडायचं नाही. हातभर अंतरावर, समोर बसून, सावकाश, साध्या आवाजात बोलायचं. त्यांना ओठ दिसले पाहिजेत.

"घरात त्यांच्याशी कोण बोलतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्याबाई. ओरडून."

"तुम्ही?"

"मी कशी बोलणार? सून आहे मी. आत्याबाईंना सांगते, त्या त्यांना सांगतात. आणि समोर आले तर पदर असतो तोंडाला."

डॉक्टरांनी पाटीवरच्या मामंजींच्या घरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे घरात ज्या बाईचा आवाज त्यांना सोसेल असा आहे, तिचे ओठ त्यांनी कधी पाहिलेच नाहीत."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी नुसती मान हलवली, बोल म्हणून.

ओवरीत मामंजी भिंतीला टेकून बसले होते. मी समोर जाऊन बसले, हातभर अंतरावर. डोक्यावरचा पदर तसाच ठेवला, तोंडावरचा काढला. मग साध्या आवाजात म्हणाले, "मामंजी, चहा घेता का?"

"घेतो की," ते म्हणाले. आणि मग त्यांनाच कळलं की आपण 'आं' म्हणालो नाही. माझ्याकडे बघत राहिले. "पुन्हांदा बोल."

मी काष्टीच्या बाजाराचं बोलले, म्हशीचं बोलले, गाडीत कलंडलेल्या पेरूंचं बोलले. त्यांच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं. इतकी वर्षं त्यांच्याशी कुणी गप्पाच मारल्या नव्हत्या, नुसते निरोप ओरडले होते.

आणि मग अवघड ते बोलले. आता नाही तर कधीच नाही, म्हणून. "मामंजी, तुमचा भुरका मला सोसत नाही. त्या दिवशी पंगतीत मी तुम्हाला बास करा म्हणाले. तुमच्यावर राग नाही हो माझा. आवाजाचा आहे."

त्यांनी मिशी पुसली. मग म्हणाले, "लई मोठा असतो व्हय?"

"वेशीपर्यंत जातो."

"मला ऐकूच येत न्हाई गं त्यो!" आणि गदागदा हसायला लागले. "अन् म्या म्हनायचो, आताशा कढीला चवच राहिली न्हाई, भुरका कसा ऐकूच येत न्हाई. म्हनून म्या आनखी वढायचो!"

हसावं की रडावं कळेना. आपला भुरका ऐकू येईना म्हणून ते मोठा ओढायचे. त्यांना ऐकू येईना म्हणून आत्याबाई ओरडायच्या. त्या ओरडण्यानं यांच्या कानात सुया जायच्या. आणि भुरक्यानं माझं डोकं फिरायचं. आजार तीन होते खरे, पण एकाच दोरीत ओवलेले, आणि दोरीची गाठ माझ्या तोंडावरच्या पदराला होती.

निघताना डॉक्टर म्हणाले, पाटी इथेच राहू द्या, शिकाऊ डॉक्टरांना दाखवीन. माझी पाटी अजून नगरच्या त्या कपाटात आहे. आमच्या घराण्यातलं एवढं मोठ्या जागी अजून कुणी पोचलेलं नाही.

घरी परतलो आणि तिसऱ्याच दिवशी दादा आला, माझा भाऊ. आत्याबाईंनी माझी ट्रंक आधीच ओट्यावर काढून ठेवली होती. यांनी त्यांना सगळं समजावलं होतं, पण त्यांचं एकच, "डाक्टरला काय कळतंय आमच्या घरातलं?"

दादाला भुरक्याची सगळी हकीकत सांगून जेवायला बसवलं, शेजारी मामंजी आणि हे. मी कढी केली होती. फोडणीत मेथीदाणा जरा जास्तच टाकला होता, जायचंच असेल तर वास तरी मागे राहू दे म्हणून. आत्याबाई नेहमीप्रमाणे मामंजींच्या कानाशी ओरडल्या, "सुनेचा भाऊ आलाय! न्यायला!" दोघं बापलेक कळवळले.

मामंजींनी हात वर केला. "तू थांब. पोरी, तू पुढं ये. काय म्हनती ही?"

मी समोर बसले. तोंडावरून पदर काढला. आत्याबाईंनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात घेतला. मी सावकाश म्हणाले, "मामंजी, दादा मला न्यायला आलाय. कायमचं."

मामंजी दादाकडे वळले. "न्यायला आलास व्हय? मग तू ऱ्हा हितं."

दादा गोंधळला. "मी? मी कशापायी?"

"हिला नेल्यावर माझ्याशी बोलंल कोन?" मामंजी म्हणाले. "सात वर्सं म्या ह्या घरात मुका होऊन बसलोय, भैरा न्हाई, मुका. हिनं मला बोलतं केलं. ट्रंक आत ठिवा ती."

मग हे उठले, यांनीच ट्रंक उचलली, आणि दारातून नेताना ती उंबऱ्याला धाडकन आपटली. यांचे डोळे घट्ट मिटले, घाम फुटला, पण ट्रंक काही खाली ठेवली नाही. आत नेऊनच ठेवली.

आत्याबाई कितीतरी वेळ उभ्या होत्या. शेवटी मामंजींच्या समोर हातभर अंतरावर बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाल्या, "कढी वाढू का?"

"वाढ," मामंजी म्हणाले. भरलेली वाटी त्यांनी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि उठून चालू लागले. अंगण ओलांडून गोठ्यात गेले, म्हशीशेजारी पालथ्या घमेल्यावर बसले.

तिथून भुरका आला. लांबलचक, वेशीपर्यंत जाणारा.

दादानं मला विचारलं, "हाच का त्यो?"

"हाच," मी म्हणाले, "पन लांबनं सोसतो मला." कढी जमली होती. मी दुसरी वाटी भरायला घेतली.